काळी पाच

वरच्या सुराला पूर्वाचा आवाज पुन्हा फाटला.

"अरे, पट्टी खाली उतरव की! परवा स्पर्धा आहे," ढोलकीवाला वैतागला. "काळी पाच नाही झेपत तिला."

"गाणं याच पट्टीत बसवलंय," पेटीवरून मान न उचलता ओजस म्हणाला.

खरं तर ते बसवलं होतं मैथिलीच्या गळ्यासाठी. कॉलेजच्या या संगीत नाटकाचे शब्द तिचे आणि चाली त्याच्या. कँटीनमागच्या जिन्यात बसून दोघांनी भांडत भांडत एकेक ओळ जुळवली होती. मग तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. "पट्टी बदलू नकोस हं, येतेच मी," असं ती जाताना बजावून गेली होती.

तेवढ्यात दार ढकलून मैथिलीच आत आली. गळ्याभोवती स्कार्फ होता. ओजसचा चेहरा उजळला. ती मागे उभी राहून ऐकत राहिली. पूर्वाचा आवाज फाटला तसे तिने डोळे मिटून घेतले.

मग ती पेटीपाशी येऊन बसली. काळी पाचवरचं ओजसचं बोट तिने अलगद उचललं आणि खाली काळी तीनवर ठेवलं.

"इथून घे," ती म्हणाली. शब्द कसेबसे उमटले, त्यांत आवाज असा नव्हताच.

ओजसने सूर दिला. पूर्वा गायली, आणि गाणं पहिल्यांदाच स्वच्छ लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, तरी ओजस सूर धरून भाता मारतच राहिला. शेजारचा घोगरा हुंदका कुणाला ऐकू जायला नको होता.