जाळीखालचं पाणी

१९८४च्या मे महिन्यात इनेझच्या लग्नाआदल्या संध्याकाळी बँडसकट सगळ्या बायका मरोळच्या विहिरीशी आल्या, तर तिच्यावर लोखंडी जाळी बसवलेली. भोकांतून घागर जाईना आणि या पाण्याशिवाय त्यांच्या गावच्या ख्रिस्ती लोकांत नवरीची आंघोळ होत नसे. बँड थांबला. “नळाचं घेऊ,” नवरीची आई जोसेफीनमावशी लेकीकडे न बघता म्हणाली. इनेझची मैत्रीण सुलक्षणा पार्ल्याहून केवळ ही रीत बघायला आली होती. केमिस्ट्रीची पदवीधर, म्हणून विहिरीचं पाणी तपासायला तिने पर्समध्ये छोटी बाटलीही आणलेली. बाटलीला सुतळी आणि दगड बांधून तिने ती जाळीतून खाली सोडली. वर आलेलं पाणी घागरीचा तळही झाकेना. “सकाळ होईल गं, पोरी. पाहुणी तू, बस.” “घागर भरली की बसते, मावशी.” मावशी लुगड्याचा पदर खोचून बँडकडे वळली. “वाजवा रे. ही बसेपर्यंत थांबायचं नाही.”