यंदाचा कोटा

डॉ. आसावरी घारपुरेंनी दवाखान्यातल्या संगणकावर, निबंध शोधणाऱ्या पायथनच्या पॅकेजमधून साधाच प्रश्न पाठवला होता: रानकंदाच्या विषबाधेवरचे सगळे शोधनिबंध. एंटर मारताच पडद्यावर ओळ आली, "आपला यंदाचा कोटा संपला आहे. पुढचा शोध एक जानेवारीनंतर."

अजून दिवाळीसुद्धा झाली नव्हती.

त्यातला हवा तो निबंध त्यांनी पूर्वी एकदा वाचला होता. औषधाचं नाव आठवत होतं, पण मात्रा काही केल्या आठवेना, आणि ती जरा जास्त झाली तर औषधानेच जीव जायचा. छापील जर्नलं तर केव्हाच रद्दीत गेली होती. त्यांनी घाईघाईने पुण्याला जुने सहकारी डॉ. बेडेकरांना फोन लावला.

"अहो, माझा कोटा जूनमध्येच संपला," बेडेकर म्हणाले.

"जूनमध्ये? एवढं काय शोधलंत?"

बेडेकरांनी घाईने विषय बदलला. आसावरींनीही पुन्हा विचारलं नाही.

समोरच्या खाटेवर रानकंद खाल्लेल्या जमनीबाईचा श्वास अडकत होता. तिचा नवरा दित्या दोन्ही हातांनी तिचे पाय धरून बसला होता.

"मॅडम, मशीन काय म्हणतंय? सापडलं का औषध?"

"बघतेय," आसावरी म्हणाल्या, आणि त्यांनी पडदा हळूच स्वतःकडे वळवला. त्या ओळीच्या वरच, सकाळी रोजच्यासारखा चहा पिता पिता केलेला, कोट्यातला शेवटचा शोध अजून तसाच होता: "घारपुरे, आसावरी. आपल्या निबंधांचा संदर्भ घेणारे निबंध: चार."

कालही चारच होते.