हूक काढून लावेपर्यंत

“पाचव्या मजल्यावरून वीट सुटली, तर जमिनीवर किती वेळात पोचेल?” मुलीने मोठ्याने वाचलं आणि ती पेन्सिल चावत बसली.

बाप समोर चहा पीत होता. उंच इमारतींना बाहेरून लोखंडी पाइपांची परांची बांधायचं त्याचं काम. विटा, नट आवळायचे पाने, डोक्यावरच्या टोप्या खाली जाताना त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या.

“तुमच्या पुस्तकात वीट नुसतीच सुटते,” तो म्हणाला. “‘बाजूला व्हा’ म्हणून कुणी बोंब मारत नाही?”

मुलगी हसली नाही. ही गणितं सुरू झाल्यापासून तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता.

“बाबा, एका पाइपवरून दुसऱ्यावर जाताना कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचा हूक काढता ना तुम्ही?”

“काढावाच लागतो. इथला काढायचा, तिथे लावायचा.”

“पण पट्ट्याला दोन हूक असतात. एक लावला की मग दुसरा काढायचा.”

“असतात गं. दुसरा पायात येतो. आम्ही सगळेच तो कमरेला गुंडाळून ठेवतो. आणि वेळ तो कितीसा लागतो?” बापाने हवेतच हूक काढला, खुर्चीवर जरा सरकला आणि लावला. “एक, दोन, तीन. झालं!”

त्याने बोलण्याच्या ओघात आकडा दिला आणि मुलीने तो उचलला. गुरुत्वाचे दहा धरा, असं पुस्तकच सांगत होतं. तिनाचा वर्ग नऊ, गुणिले दहा, भागिले दोन. उत्तर आलं. तिने पुन्हा करून पाहिलं. तेच आलं.

“तीन सेकंदांत पंचेचाळीस मीटर,” ती म्हणाली. “तुमची बिल्डिंग केवढी आहे?”

पंधरा मजले, एकेक तीन मीटरचा. एवढा हिशेब बापाला तोंडी येत होता. त्याने कप खाली ठेवला.

“म्हणजे मी हूक लावेपर्यंत...”

“पार खाली,” मुलगी म्हणाली.

तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. “माझं वजन धरलंस का? मी काय वीट आहे?”

“वजन धरायचंच नसतं. वीट काय, माणूस काय, सारखंच.”

“आणि हवा?”

“हवा सोडून द्या म्हणतात.”

“मग धर ना जरा हवा,” तो म्हणाला.

इतकं अजिजीने बोलताना मुलीने त्याला कधी ऐकलं नव्हतं. मघाशी ती त्याच्या पडण्याला भ्याली होती. आता ती त्याच्या आवाजाला भ्याली, आणि ही भीती जास्त होती.

“मिटव ते पुस्तक,” ओट्यापाशी उभी असलेली आई म्हणाली. “वर चढणाऱ्याच्या मनात असलं काही भरवू नये. भ्यालेला माणूस खाली बघतो.”

“मी फक्त दुसऱ्या हुकाचं सांगत होते!” मुलगी रडवेली झाली.

“लावीन गं. उद्यापासून दोन्ही लावीन,” बाप म्हणाला. उद्या पंधराव्या मजल्याचे पाइप चढवायचे होते, आणि ते तिघांनाही माहीत होतं.

विषय बदलावा म्हणून आईने माळ्यावरचं मोठं पातेलं काढून मागितलं. एरवी असल्या कामाला हा गडी खुर्चीच्या पाठीवर पाय देऊन वर जायचा आणि ती खालून ओरडत राहायची. आज त्याने आतून स्टूल आणलं, भिंतीला लावलं, हलवून पाहिलं. त्यावर एक पाय ठेवला आणि तसाच थांबला.

“जरा धरा गं दोघी,” तो म्हणाला.