उघडं बोट

"म्याडम, हातमोज्यानं सही उठत नाय. बोट लावा की." कुरियरच्या गोटीरामकाकांनी मोबाइल पुढं केला. खाली गाडी चालूच ठेवलेली. पाचचं विमान गाठायचं होतं.

सहरनं उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि घाईघाईत सही गिरवली. तेवढ्यात टेबलावर बर्फात ठेवलेल्या नळीचं झाकण टचकन उघडलं. तिनं त्याच उघड्या बोटानं ते धरलं, आतल्या बाजूनं, आणि दाबून बसवलं.

मग तिचं लक्ष स्वतःच्या बोटाकडं गेलं.

नळीत कृत्रिम आरएनए होता. बत्तीस मण्यांची माळ; रसायनांतून एकेक मणी ओवत केलेली, शेवटच्या मण्याला चमकता रंग जोडलेला. दोनदा फसली, तिसऱ्यांदा जमली. पेशीत ती कुठं कुठं फिरते, हे हैदराबादच्या एका संशोधक बाईंना बघायचं होतं. आणि माणसाच्या कातडीवर आरएनए कातरून टाकणारं द्रव्य असतं, हे तर लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात.

"झालं का गं पॅक?" मानसिंग सर आत आले. महाप्यातल्या या छोट्या कंपनीत तेच तिचे साहेब. ही ऑर्डर गेली की सोमवारी तुला नोकरीत कायम करतो, असं सकाळीच म्हणाले होते.

त्यांनी नळी निळ्या दिव्याखाली धरली. आत हिरवागार उजेड पेटला.

"आयला, काजवा हाय काजवा! पाठव."

"सर…" तिनं आपलं बोट पुढं केलं. "झाकण मी उघड्या बोटानं लावलंय. आतून धरून."

सर नळीकडं बघत राहिले. "चमकतंय की पण."

"तुकडे झाले तरी चमकेल, सर. माळ तुटते. रंग तसाच राहतो."

"साहेब, विमान काय माझ्या सासऱ्याचं नाय," गोटीरामकाका दारातून म्हणाले.

सरांनी आवाज खाली आणला. "कुणी बघितलंय?"

"मी."

सरांनी नळी परत बर्फात ठेवली. मग ते काकांकडं वळले. "तुमी जावा काका. आज काय नाही."

खिशातून फोन काढून त्यांनी हैदराबादचा नंबर लावला. पलीकडं घंटा वाजू लागली, तसा तो सहरच्या हातात दिला.

"घे. आपल्यात कायमची माणसं असले फोन स्वतः करतात."