चार कोरी आवर्तनं

"अंकल लुशियस, तुमच्या या नव्या अल्बममध्ये..."

"ड्रम का नाहीत, हेच ना?" लुशियस टॉलिव्हरने प्रश्न मध्येच तोडला. "सगळे तेच विचारतात."

"मी कव्हरवरच्या चित्राबद्दल विचारणार होते," इमानी हसली. "पण चला, आधी ड्रमचंच सांगा."

शिकागोच्या दक्षिण भागातलं ते एवढंसं रेडिओ स्टेशन. रविवारी दुपारी इमानी तिथे वादकांशी गप्पा मारायची आणि चर्चहून परतलेली सगळी वस्ती त्या थेट ऐकायची. रॉस्कोही ऐकत असणार, या एकाच आशेवर लुशियस आज आला होता. न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टेशनला त्याने चक्क नाही म्हटलं होतं.

रॉस्को बीम हा त्याचा ड्रमवाला. मिसरूड फुटायच्या आधीपासूनची जोडी. आणि सहा वर्षांपूर्वी, मैफल ऐन रंगात असताना, रॉस्कोने काठ्या खिशात घातल्या आणि मंचावरून उतरून तो चालता झाला. का, ते सांगण्याचं सौजन्यही त्याने दाखवलं नाही, असं लुशियस येईल त्याला सांगायचा. एकदा त्याने रॉस्कोला दारातच गाठलं. पण रॉस्कोने तोंड उघडताच यानेच इतकं सुनावलं, की तो दार लावून आत गेला. मग दोघंही हट्टाला पेटले. आता पिकली पानं झाली होती, आणि हट्ट धरायलासुद्धा अंगात जोर लागतो.

अल्बमसाठी लुशियसने दुसरे ड्रमवाले बोलावून पाहिले. हात एकेकाचा तयार. पण सवाल-जवाब आले की गाडी अडायची. जॅझची ती रीतच आहे. चार आवर्तनं सॅक्सोफोनची, म्हणजे लुशियसची, पुढची चार ड्रमची. लुशियसचा सवाल जायचा आणि जवाब परक्या हातचा यायचा. तो काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना. शेवटी त्याने सगळ्यांना घरी पाठवलं. एकटाच वाजवायला बसला आणि रॉस्कोच्या वाट्याची चार आवर्तनं दर वेळी कोरी सोडत गेला.

"समीक्षक तर याला शांततेचं तत्त्वज्ञान..."

"कसलं डोंबलाचं तत्त्वज्ञान! चर्चच्या बाकावर टोपी ठेवून जागा धरतात ना, तशी रॉस्कोसाठी धरलीय."

इमानी वस्तीत नवी होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे हे रॉस्को अंकलच्या आठवणीत? ऐकून फार वाईट..."

"अगं पोरी, जिवंत आहे तो! दोन गल्ल्या सोडून राहतो. आत्ता मासे तळत बसला असेल लेकाचा."

इमानीने जीभ चावली. लुशियसला मात्र हसू आलं नाही. तो माइककडे सरकला.

"रॉस्को, ऐकतोयस ना? तुझी जागा कुणाला दिली नाही रे. माझं काय चुकलं ते तरी सांग. हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण बोल." शेवटी त्याचा आवाज चिरकला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

इमानीने रेकॉर्ड लावली. सवाल, मग कोरी जागा. पुन्हा सवाल, पुन्हा कोरी जागा. धून संपली, तोच फोन वाजला. पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. तेवढ्यावरून लुशियसने ओळखलं.

"रॉस्को! अरे तू..."

"गप्प बस. मला बोलू दे." रॉस्कोच्या आवाजात ओल होती. "लुशियस, जन्मभर तू माझ्या चार आवर्तनांत घुसत आलास. दोन तूच खायचास. उरलेल्या दोनात मी काय कपाळ वाजवू? म्हणून उठलो त्या दिवशी. आत्ताही मोजत बसलो होतो. म्हटलं, आता घुसेल, मग घुसेल. नाही घुसलास! माझी चारच्या चार मला दिलीस. उद्या येतो काठ्या घेऊन."

लुशियसच्या डोळ्यांना धार लागली.

"अरे गाढवा, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगतच होतो की. तू वाक्य कधी पुरं होऊ दिलंस?"