आखाजीचा राखणदार

ओठ फुटला तरी धनसिंग बोलला नाही. चुडामणने त्याची गचांडी धरून त्याला पुन्हा भिंतीवर आपटलं. पोपडे सुटून दोघांच्या अंगावर पडले.

कापडगिरणीत कामाला असलेल्या तिघांनी जळगावातलं ते घर भागीत भाड्याने घेतलं होतं. तिसरा लीलाधर. सणाला दोघांनी गावी जायचं आणि एकाने मागे राहून घर राखायचं, अशी पाळी होती. राखणीत जे जाईल त्याचा जाब राखणदाराने द्यायचा, हेही ठरलेलं. या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पाळी धनसिंगची होती.

चुडामण पाचोऱ्याकडच्या आपल्या गावाहून परतला, तेव्हा त्याची ट्रंक उघडी होती. धाकट्या भावाच्या, वनाच्या, लग्नासाठी केलेल्या चांदीच्या पाटल्या तिच्यात होत्या. शिवाय माळ्यावरची पितळेची घागर, परात आणि तांबे. सगळंच गेलं होतं. कुलूप मात्र तुटलेलं नव्हतं. किल्ली चुलीमागच्या कोनाड्यात असते, हे घरात राहिलेल्यालाच ठाऊक.

लीलाधर उंबऱ्यात बसून बिडी ओढत होता. आखाजीला अख्खा खानदेश पत्ते कुटतो, तेव्हा राखणदारालाही खाज सुटली असणार, असं तो म्हणाला. "राणी लागली नाही वाटतं धनसिंगला. मग परात लावली."

चुडामण हसला नाही. लग्नाची बोलणी करायला वनाने सणाला गावी यायचं कबूल केलं होतं. तो भुसावळहून आलाच नाही, म्हणून चुडामण आधीच तापलेला होता. त्याने बाजेचा सैल झालेला पाय उपसला आणि धनसिंगच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज लीलाधरलाही ऐकू आला. त्याची बिडी हातातच राहिली.

"वना या घरमा ऱ्हाये, तुना ताटमा जेवे," चुडामण म्हणाला. "त्याना लगीननं चोरं तू. कोठे शे बठ्ठं?"

"माले ठाऊक नही."

पुढचा फटका गुडघ्यावर बसला. धनसिंग खाली कोसळला. त्याने हात वर केला नाही, की शिवी दिली नाही. चुडामणचा राग त्यामुळे आणखीच वाढला. लाथ बरगडीत बसली, तेव्हा धनसिंगच्या तोंडातून रक्त आलं. तो पाणी मागू लागला.

लीलाधर माठाकडे गेला आणि तिथेच थबकला. माठातलं पाणी नळाचं होतं. परसात विहीर असताना धनसिंग नाक्यावरच्या नळावरून बादल्यांनी पाणी वाहत होता. विहिरीत मांजर पडलंय, ते पाणी पिऊ नका, असं त्याने दोघांना आल्या आल्या बजावलं होतं.

लीलाधर परसात जाऊन विहिरीत वाकून पाहून आला.

"मेलेलं मांजर फुगून वर येतं," तो सावकाश म्हणाला. "पाण्यावर तर काहीच नाही. भाऊ, याने खाली काहीतरी जड टाकलंय."

शेजारून गळ मागून आणला. विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा, लोखंडी आकड्यांचा. तो पाहताच धनसिंग कोपरावर उठला. मोडलेला हात लोंबत असताना त्याने चुडामणचा पाय धरला.

"हिरमा गळ नका टाकू, भाऊ. मीच चोर शे. माले चौकीवर ली चाला."

"आते बोलना चोर!" म्हणत चुडामणने पाय झटकला.

विहिरीला कठडा नव्हता. गळ दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा दोर ताणला गेला. दोघांनी पाय रोवले आणि ओढायला सुरुवात केली. खाली पितळ पितळेवर आदळल्याचा खणखणाट झाला, तसा लीलाधर धनसिंगकडे पाहून थुंकला.

धनसिंग सरपटत काठापर्यंत आला होता. चुडामणच्या अंगाचा आधार घेत तो कसाबसा उभा राहिला आणि धड असलेल्या हाताने त्याचे डोळे झाकू लागला. चुडामणने त्याच्या तोंडावर कोपर मारलं. धनसिंग पडला, पुन्हा उठला आणि हात पुन्हा डोळ्यांवर ठेवला. चुडामणने त्याला ढकलून दिलं आणि दोराला शेवटचा हिसका दिला.

गाठोडं पाण्याबाहेर आलं. गाठ सुटू नये म्हणून चोराने ते छातीवरून पाठीला आवळून बांधलं होतं. अजूनही ते तसंच, वनाच्या पाठीवर होतं.