दोरीवरचा रुमाल

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी गॅलरीतल्या दोरीवरचा पांढरा रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "बघ, सकाळी होता तसाच!" "ह्यांच्या वीजकेंद्रात एवढी यंत्रं, आणि विश्वास रुमालावर!" आई हसली. मी पुस्तकातूनच "हं" म्हटलं. दहाव्या वर्षी खोकतच मी ओरडले होते, "तुमच्यामुळेच होतं हे, तुमच्या धुराड्यामुळे!" दुसऱ्या दिवसापासून बाबा रुमाल टांगू लागले, संध्याकाळपर्यंत तो राखेने करडा व्हायचा. तोच दाखवून साहेबांशी वर्षानुवर्षं भांडले. धुराड्याला फिल्टर बसले, रुमाल उजळला, माझा खोकला थांबला. मी मात्र कधी बोलून दाखवलं नाही. शेवटच्या सकाळी रुमाल टांगून ते खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. आठ दिवस तो दोरीवरच राहिला. आज मी काढला, पांढराच होता. मोठ्याने म्हटलं, "बाबा, खोकला तुमच्यामुळेच थांबला."